परवलीचा शब्द आणि चिमूटभर मीठ

कवितेवर बोलायला बोलावलं की मी हात हलवत येतो. आज मात्र चार कागद लिहून आणले आहेत. विषय संगणकाचा आहे आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, या वयात नुसत्या आठवणीवर किती विसंबायचं?

संकेतस्थळावर आपण नाव टाकतो, पासवर्ड टाकतो, दार उघडतं आणि आपण आत जातो. मग ते संकेतस्थळ बँकेचं असो, रेल्वेच्या तिकिटाचं असो की विजेच्या बिलाचं. त्या दारामागे काय चालतं, आपला शब्द कोण आणि कसा पडताळून पाहतं, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. घ्यावं लागलं ते एका चुकीमुळे.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. शासनमान्य, ‘ब’ वर्गाचं. मी त्याच्या कार्यकारिणीत आहे. करोनाच्या साथीत वाचनालयाचं दार बंद राहिलं, तेव्हा ठरलं की आपलंही संकेतस्थळ असावं. सभासदांनी घरबसल्या पुस्तकांची यादी पाहावी, हवं ते पुस्तक राखून ठेवावं, वर्गणी कधी संपते ते बघावं. ओळखीतल्या एका संगणकवाल्याने स्वस्तात काम करून दिलं. उद्‌घाटन झालं, पेढे वाटले, फोटो छापून आला.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेच्या अहवालासाठी किती सभासदांनी नोंदणी केली तो आकडा हवा होता. ग्रंथपालबाईंना वेळ नव्हता, म्हणून त्यांच्या संगणकावर मी बसलो. एक तक्ता उघडला. क्रमांक, नाव, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड. उघडा, जसाच्या तसा. माझ्यासमोर चारशेहून अधिक माणसांचे परवलीचे शब्द होते.

मी ते पान तिथल्या तिथे मिटायला हवं होतं. मिटलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायची खोड आहे मला. मी वाचत गेलो. (पुढचे तपशील मी थोडे बदलून सांगतो आहे, आणि ते सगळे शब्द आता रद्दबातल आहेत.) एका निवृत्त गुरुजींनी परदेशी गेलेल्या, परत न आलेल्या मुलाचं नाव ठेवलं होतं. एका बाईंनी दिवंगत नवऱ्याचं नाव आणि त्यापुढे चार आकडे. ते त्यांच्या जुन्या स्कूटरच्या नंबरचे होते, हे मला जरा वेळाने लक्षात आलं. बऱ्याच जणांनी नुसतंच १२३४५६. आणि एका नावापाशी मी थांबलो. या मित्राशी माझं बारा वर्षं बोलणं नव्हतं. तिशीत आम्ही दोघांनी मिळून एक अनियतकालिक काढलं होतं. पाच अंक निघाले, सहाव्याच्या वेळी भांडण झालं. त्याच्या रकान्यात त्या अनियतकालिकाचं नाव होतं.

त्याच तक्त्यात खाली माझाही पासवर्ड होता. मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो अशीच संकेतस्थळं बांधण्याचं काम करतो. तो म्हणाला, “मामू, आधी ते पान बंद करा. मग सांगा, तुमच्या ईमेलचा पासवर्ड हाच आहे का?” मी गप्प. “म्हणजे आहे. तो आत्ताच्या आत्ता बदला. बाकीचं रविवारी येऊन बघतो.”

ईमेलची एवढी घाई का, हे मला नंतर कळलं. कुठल्याही संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला की नवा करण्याची वाट आपल्या ईमेलमधूनच जाते. ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याच्या हाती तुमच्या बाकीच्या बहुतेक दारांच्या कड्या. वाचनालयाच्या यादीत चोराला तशी गोडी नसते. पण माणूस एकच शब्द चार ठिकाणी वापरतो, हे चोराला पक्कं ठाऊक असतं.

रविवारी भाचा आला. चहा घेताना म्हणाला, “लॉग-इन म्हणजे तीन प्रश्न, मामू. तुम्ही कोण? कशावरून? आणि आत आल्यावर तुम्हाला काय काय करू द्यायचं?” पहिल्याचं उत्तर आपलं नाव किंवा ईमेल, ते गुप्त नसतं. दुसऱ्याचं उत्तर पासवर्ड. हा ‘कशावरून’ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. इतकी वर्षं मराठीत लिहितो आहे, तरी नव्या गावच्या कविसंमेलनात माझं नाव ऐकून कोणी तरी विचारतंच, “मराठीत लिहिता? स्वतः?” मी उत्तरादाखल एक कविता म्हणतो आणि काम भागतं. संगणकाला कविता चालत नाही. त्याला आधी ठरलेला शब्दच लागतो.

अलीबाबाच्या गोष्टीतल्या गुहेचं दार असंच होतं. शब्द कोण उच्चारतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. झाडावर लपलेल्या अलीबाबाने तो ऐकला आणि दार त्यालाही उघडलं. त्याचा भाऊ कासीम आत गेला आणि नेमका शब्द विसरला. तिळाऐवजी इतर धान्यांची नावं घेत राहिला आणि जिवाला मुकला. ‘पासवर्ड विसरलात?’ ही सोय त्या गुहेला नव्हती. आमच्या वाचनालयाच्या गुहेत आणखी एक खोट होती: प्रत्येकाचा शब्द आतल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला होता.

मी म्हणालो, “ही आमच्या गावठी कारभाराची गत.” भाचा हसला. म्हणाला, ही चूक आधी अमेरिकेत झाली, तीही एमआयटीसारख्या संस्थेत.

तिथे १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची व्यवस्था दाखवली. यंत्र एक, माणसं पुष्कळ, आणि प्रत्येकाचे कागद वेगळे राहायला हवेत. म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला. हे सगळे शब्द एका फाइलीत उघडे होते. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. त्याने छिद्रांचं कार्ड घालून ती फाइल छापायला लावली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. हे त्यानेच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आणि १९६५-६६ च्या सुमारास त्याहून मोठी गंमत झाली. यंत्र सुरू करणाऱ्याला रोज एक सूचना दिसत असे. दोन जण एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत बसले होते, एक सूचनेची आणि एक पासवर्डची. दोन्हींची अदलाबदल झाली, आणि जो कोणी लॉग-इन करेल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड टंकून येऊ लागले.

यातून जो धडा घेतला गेला तो मला आजही नवलाचा वाटतो. पहारा वाढवा, कुलूप मोठं करा, असं म्हणणं सोपं होतं. त्याऐवजी असा विचार झाला की पहारेकऱ्याला शब्द माहीतच नसावा. माहीत नसताना तो पडताळता यावा.

हे कसं शक्य आहे? केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी साठच्या दशकातच ती युक्ती काढली. पासवर्ड आहे तसा ठेवायचा नाही. तो एका गणिती यंत्रातून काढायचा आणि जे बाहेर पडेल ते ठेवायचं. याला हॅश म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ बारीक चिरणं. माझ्या घरी हे खिम्याच्या भाषेत पटकन समजलं: खिमा झाल्यावर त्यातून पुन्हा मांडीचा तुकडा जोडता येत नाही. शाकाहारी मंडळींनी ज्वारीचं पीठ डोळ्यांपुढे आणावं. मात्र हे जातं फार काटेकोर असतं. तोच शब्द टाकला की दर वेळी तेच पीठ पडतं, कणाचाही फरक नाही. आणि एक अक्षर बदललं तर सगळं पीठ वेगळं. तुम्ही लॉग-इन करता तेव्हा संकेतस्थळ तुमचा शब्द पुन्हा दळतं आणि डब्यातल्या पिठाशी ताडून बघतं. जुळलं तर दार उघडायचं. मूळ दाणे कोणीही जपून ठेवलेले नसतात.

पण चोरही हुशार. तो घरी बसून नेहमीचे लाखो शब्द आधीच दळून ठेवतो. तुमच्या पिठांची यादी हाती लागली की नुसतं जुळवायचं. शिवाय दोघांचा शब्द एकच असला तर पीठही एकच दिसणार. यावर बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात उपाय सांगितला. दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात काही यादृच्छिक अक्षरं मिसळायची, प्रत्येकाची वेगळी. त्यांनी त्याला नाव दिलं मीठ. खरंच, इंग्रजीतही ते मीठच आहे. गणितज्ञांनी एवढा घरगुती शब्द निवडावा, याचं मला फार कौतुक वाटलं.

हे मीठ पिठाशेजारीच लिहून ठेवतात. मी विचारलं, “उघड्यावर?” भाचा म्हणाला, “मिठाचं काम लपायचं नाही. प्रत्येकाचं दळण वेगळं करायचं. आता चोराला आयतं दळलेलं चालत नाही. एकेका सभासदासाठी पहिल्या दाण्यापासून दळायला लागतं.”

तरी आजची यंत्रं साध्या हॅशचे अब्जावधी दाणे सेकंदाला दळतात. म्हणून जातं मुद्दाम जड करायचं. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएरेस यांनी बीक्रिप्ट नावाची पद्धत मांडली. तिचा जडपणा वाढवता येतो. एक पायरी चढवली की वेळ दुप्पट. आपल्याला लॉग-इन करताना सेकंदाचा काही भाग जास्त लागतो, ते कळतही नाही. चोराला मात्र कोट्यवधी शब्द दळायचे असतात, त्याची कंबर मोडते. संगणकाच्या जगात मुद्दाम संथ केलेली ही एक गोष्ट आहे, आणि संथपणाची बाजू घेणारा मी माणूस असल्याने मला ती आवडली.

आमचं संकेतस्थळ पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे. त्या भाषेत २०१३ पासून हे सगळं करणारी तयार आज्ञा आहे: मीठ स्वतः घालते, जड जात्यावर दळते आणि ६० अक्षरांची एक ओळ हातात देते. ताडून बघायला दुसरी आज्ञा. म्हणजे आमच्या संगणकवाल्याने दोन ओळी लिहिल्या असत्या तर मला त्या दुपारी काहीच वाचता आलं नसतं. काही जण याच्या उलट करतात; स्वतःचं नवं जातं घडवायला बसतात. भाच्याचं मत, ते तर आणखी वाईट. कवीने स्वतःचा छंद शोधावा, संगणकवाल्याने शोधू नये.

आणि मोठ्यांनीही या दोन ओळी गाळल्या आहेत. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, सगळे उघडे. त्यांत सर्वांत लाडका शब्द १२३४५६ हाच होता. आमचे सभासद जगाच्या बरोबरीने चालले आहेत म्हणायचे. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश इंटरनेटवर आले. दळलेले होते, पण मीठ नव्हतं. २०१६ मध्ये कळलं की खरा आकडा ११ कोटींच्या वर आहे.

दार उघडल्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. वेबचं एक वैशिष्ट्य असं, की प्रत्येक पान पाठवून झालं की सर्व्हर तुम्हाला विसरतो. पुढच्या पानाला पुन्हा ‘कोण आपण?’ मग दर पानाला पासवर्ड विचारायचा का? वाचनालयात आपण पिशवी बाहेर ठेवतो आणि पत्र्याचा बिल्ला घेतो, तसं संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरकडे एक बिल्ला देतं; लांबलचक, अंदाज न करता येणारा आकडा. त्याला कुकी म्हणतात, १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी आणलेली. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. ज्याच्या हातात बिल्ला त्याची पिशवी, हे मात्र इथेही खरंच. २०१० मध्ये फायरशीप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम निघाला. कॉफीच्या दुकानातल्या उघड्या वायफायवर बसून शेजाऱ्याचा बिल्ला उचलता येतो, हे त्याने जगाला दाखवून दिलं. तोवर बरीच संकेतस्थळं फक्त पासवर्डचं पान झाकून पाठवत आणि बाकीची उघडी. त्यानंतर सगळीच पानं झाकायची रीत पडत गेली. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ते त्यासाठी. आमच्याकडे तेही नव्हतं.

तिसरा प्रश्न, काय करू द्यायचं? तपासताना भाच्याने स्वतःच्या नावाने लॉग-इन केलं. त्याच्या पानाच्या पत्त्यात शेवटी एक क्रमांक होता. त्याने तो एकाने वाढवला, आणि पुढच्या सभासदाने नेलेल्या पुस्तकांची यादी समोर आली. दारावर शब्द विचारला होता, आतल्या खोल्यांना कड्याच नव्हत्या. त्या यादीत घटस्फोटाच्या कायद्यावरची दोन पुस्तकं होती. नाव पाहण्याआधी भाच्याने पान मिटलं. माझ्यापेक्षा तो शहाणा आहे.

दुरुस्ती दोन रविवारांत झाली. भांडण झालं ते कार्यकारिणीत. काही जणांचं म्हणणं, गुपचूप नीट करा, लोकांना कशाला सांगता? वाचनालयाची बदनामी होईल, अनुदानाच्या तपासणीत कोणी विचारेल. माझं म्हणणं एवढंच होतं, की हाच शब्द ज्यांनी ईमेलला किंवा आणखी कुठे वापरला असेल, त्यांचा धोका आपल्या दुरुस्तीने जात नाही. तो त्यांनीच तिथे जाऊन बदलायला हवा, आणि सांगितल्याशिवाय ते बदलणार कसे? दोन बैठका गेल्या. शेवटी फळ्यावर सूचना लागली, सगळ्यांना संदेश गेला, जुने पासवर्ड पुसले, पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीही शोधून पुसल्या. तीन सभासदांनी नाव काढून घेतलं. त्यांचा राग मला मान्य आहे.

आता पासवर्ड विसरला तर ईमेलवर एक दुवा येतो; एकदाच चालतो आणि तासाभरात मरतो. यावरून तुम्हालाही एक परीक्षा करता येईल. ‘विसरलो’ म्हटल्यावर एखादं संकेतस्थळ तुमचा जुनाच पासवर्ड परत पाठवत असेल, तर समजा, तो तिथे उलगडता येईल असा पडला आहे. तिथे वापरलेला शब्द दुसरीकडे ठेवू नका. चुकीचा शब्द टाकल्यावर ‘नाव किंवा पासवर्ड चुकला’ असं मोघम उत्तर येतं, तेही मुद्दाम. नाव बरोबर आहे हेसुद्धा परक्याला कळू द्यायचं नसतं. जुन्या वाड्यातली म्हातारी दाराआडून ‘कोण पाहिजे?’ एवढंच विचारायची, घरात कोण आहे ते सांगायची नाही, तसं.

शब्द कसा असावा यावर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये आपलं मत बदललं: ठरावीक मुदतीने सक्तीने बदलायला लावू नका, चिन्हांचा अट्टाहास नको, लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने ठेवावेत. गाजलेल्या कवितेची ओळ मात्र ठेवू नये. चोरांच्या याद्यांत कविताही असतात. माझ्या न छापलेल्या ओळींना हा एक उपयोग सापडला.

याच्याही पुढची पायरी आली आहे. पासकी नावाची. तिच्यात गुपित तुमच्या फोनमध्येच राहतं, संकेतस्थळाकडे फक्त ते पडताळायचं साधन असतं. चोरीला जाण्यासारखं तिथे काही उरतच नाही. तिचं मानक २०१९ मध्ये ठरलं. भाचा तीही बसवू म्हणाला. मी थांबवलं. आमच्या कित्येक सभासदांच्या घरी चौघांत एक फोन आहे, आणि कोण काय वाचतं हे चौघांपासूनही झाकून ठेवावं लागतं.

नवा पासवर्ड करायला मित्र वाचनालयात आला. त्याला ईमेल उघडता येत नव्हता, आणि त्या दिवशी मदतीला नेमका मी होतो. बारा वर्षांनी आम्ही एका बाकावर बसलो. मी त्याला सांगून टाकलं, की मी तुझा शब्द वाचला आहे. हे त्याच्या परवानगीनेच आज बोलतो आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चला, म्हणजे इतक्या वर्षांत माझं काही तरी वाचलंस तू.”

नव्या शब्दासाठी रिकामी चौकट पडद्यावर आली. त्याने चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि त्याचं टाइप करून होईपर्यंत समोरच्या एस.टी. स्टँडकडे पाहत उभा राहिलो.